तीर्थनच्या काठाने: हलकी सॅक, टेंकारा रॉड आणि ट्राउट

पहिला दिवस: औट, बंजार, गुशैणी

दिल्लीहून निघालेली रात्रीची मनाली बस औटला पहाटे पोचते. बोगद्याच्या अलीकडे उतरवा, असं कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवावं. झोप लागली तर बस बोगद्यातून थेट कुल्लूच्या अंगाला निघून जाते. आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा मावसभाऊ. वयाने बराच मोठा, म्हणून लहानपणापासून दादा. डोंगर चढायची हौस माझी, गळ टाकायची त्याची. तो मला नदीवर नेतो, मी त्याला चढावर. या वेळी दोन्ही एकाच वाटेवर जमवायचं म्हणून हिमाचलमधलं तीर्थन नदीचं खोरं निवडलं. नदीकाठाने चालायचं, परवानगी आहे तिथवर मासे धरायचे आणि पुढे ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये डोंगरावर दोन मुक्काम करायचे.

औटहून जीप लारजीकडे वळली. इथे सैंज आणि तीर्थन या नद्या एकमेकींना भेटून बियास नदीत जातात. बियासवर लारजीचा १२६ मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प आहे. अडवलेलं, हिरवट, संथ पाणी खिडकीतून दिसतं. मग रस्ता तीर्थनच्या काठाला लागतो आणि पाण्याचा रंगही बदलतो, आवाजही. ही नदी अजून मोकळी वाहते यामागे इथल्या लोकांचा मोठा लढा आहे. बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब यांनी तीर्थनवर वीजप्रकल्प होऊ नयेत म्हणून उतारवयात गावोगावच्या लोकांना बरोबर घेऊन कोर्टापर्यंत झुंज दिली. आज या पाण्यात ट्राउट मासा आहे, काठावर पाहुण्यांची घरं आहेत, गावातल्या पोरांना गाईडचं काम आहे. मला तर वाटतं, इथे गळ टाकणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट माहीत असायलाच हवी.

बंजारच्या अलीकडे जीप थांबली. समोरून ढोल, नगारे आणि लांबलचक करनाळांचा आवाज येत होता. देवतेचा रथ कुल्लूला निघाला होता. आपल्याकडे विजयादशमीला सगळं संपतं, कुल्लूचा दसरा त्या दिवशी सुरू होतो आणि आठवडाभर चालतो. त्यासाठी गावोगावचे देव पालखीसारख्या रथात बसून, माणसांच्या खांद्यावरून, डोंगर उतरून येतात. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, चप्पल काढली आणि रस्त्याच्या कडेला हात जोडून उभा राहिला. आम्हीही उतरलो. रथावरचे चांदीचे मुखवटे, लाल-पिवळं कापड, आणि खांदेकऱ्यांच्या चालीबरोबर डुलणारा तो सगळा भार अगदी हाताच्या अंतरावरून गेला. एका म्हाताऱ्या बाबांनी जाता जाता आमच्या हातावर तांदळाचे चार दाणे ठेवले. रांग संपून जीप सुरू व्हायला अर्धा तास गेला, पण घाई कोणालाच नव्हती.

बंजारला थांबून पैसे काढून घ्या. पुढे एटीएमच्या भरवशावर राहू नये आणि गुशैणीच्या पुढे फोनची रेंजही जाते. मासेमारीचं लायसन्स मत्स्य विभागाकडून दिवसावर मिळतं. ते सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा, काठावर पाहणी होते. किती मासे ठेवता येतात, किती लांबीच्या आतला सोडून द्यायचा, हे लायसन्स घेतानाच विचारून घ्यावं आणि तंतोतंत पाळावं.

गुशैणीला तीर्थन आणि फलाचन या दोन नद्यांचा संगम आहे. उंची साधारण १६०० मीटर. आमचं राहण्याचं घर फलाचनच्या बाजूला, दगड आणि देवदाराच्या तुळया एकावर एक रचलेलं, इथल्या काठकुणी पद्धतीचं. या बांधणीत चुना-सिमेंट लागत नाही आणि भूकंपात भिंत हलते पण फुटत नाही. ऑक्टोबर असल्यामुळे पाटीच्या छपरांवर मक्याची कणसं वाळत घातली होती. सगळी वाडी वरून पिवळी दिसत होती. घरच्या चाचींनी सॅक खाली ठेवायच्या आत सिड्डू समोर आणले. गव्हाची आंबवलेली कणीक, आत अक्रोड आणि खसखशीचं सारण, वाफवून वरून साजूक तूप. ‘पहले खाओ, मछली कहीं नहीं जा रही,’ हे त्यांचं म्हणणं.

दुपारी चारच्या आत दरीतलं ऊन जातं. ऊन गेलं की लगेच गारवा चढतो. तेवढ्या वेळात दादाला पाणी बघायचं होतं. दादा नदीवर पोचल्याबरोबर कधीच रॉड उघडत नाही. आधी पायाजवळचे दगड उलटतो. एका दगडाखाली बोटाच्या पेराएवढी नळी चिकटलेली होती. नीट बघितलं तर ती मोहरीएवढ्या खड्यांनी बांधलेली. करडा, पांढरा, तपकिरी असा एकेक खडा जुळवलेला, आणि टोकातून सहा बारीक पाय बाहेर. कॅडिस माशीची अळी स्वतःच्या लाळेच्या रेशमाने हे घर बांधते. बाजूला मेफ्लायच्या चपट्या अळ्या होत्या, शेपटीला तीन केस असलेल्या. दादाने खिशातली डबी उघडली आणि त्यातला तपकिरी, विरळ पिसांचा फ्लाय, म्हणजे गळावर पिसं बांधून केलेला खोटा किडा, काढून अळीशेजारी धरला. आकार जुळला. त्याने दगड होता तसाच पुन्हा ठेवला.

थर्मामीटर पाण्यात धरलं, ११ अंश. ट्राउटला थंड पाणीच लागतं, कारण थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. पाणी २० अंशांच्या वर गेलं की धरलेला मासा सोडला तरी जगण्याची खात्री नसते, म्हणून तेव्हा गळ टाकूच नये. संगमाखालच्या शांत पाण्यात दोनदा वर्तुळं उठली, एका छोट्याने फ्लायला ढुशीही दिली. अंधार पडायला लागल्यावर निघालो.

सॅकमध्ये काय होतं

हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढच्या सगळ्या चालण्याचं सुख यावर होतं.

टार्प (तंबूऐवजी डोक्यावर ताणायचं कापड), दोर आणि खुंट्या मिळून अर्धा किलो. शून्य अंशापर्यंत चालणारी स्लीपिंग बॅग एक किलो. घडीची फोम मॅट ४०० ग्रॅम. बिनसांगाड्याची सॅक ९०० ग्रॅम. छोटा गॅस स्टोव्ह, एकच भांडं, एकच चमचा. अंगावरचे कपडे सोडून एक कोरडा जोड, लोकरीची टोपी, डाउन जॅकेट, पावसाचं जॅकेट. हेडटॉर्च, औषधं, पाण्याचा फिल्टर. शिधा, पाणी आणि गॅस सोडून सगळं मिळून साडेपाच किलोच्या आत. दोघांत मिळून एकच टार्प आणि एकच स्टोव्ह, त्यामुळे दोघांच्याही सॅक हलक्या झाल्या.

मासेमारीचं सामान त्याहून कमी. टेंकारा ही जपानच्या डोंगरी ओढ्यांवरची जुनी पद्धत. रील नाही. दुर्बिणीच्या नळीसारखी एकात एक बसणारी काठी, उघडली की ३.६ मीटर, मिटली की अर्धा मीटर, वजन ८० ग्रॅमच्या आसपास. टोकाला साधारण काठीएवढीच लांब दोरी, तिच्या पुढे मीटरभर बारीक नायलॉन आणि एक फ्लाय. बस. डोंगरातल्या ओढ्यात फार लांब फेकायची गरजच पडत नाही, मासा तीन-चार मीटरवरच असतो. उंच धरलेल्या काठीमुळे दोरी पाण्याला टेकत नाही, मधला जोराचा प्रवाह तिला ओढत नाही आणि फ्लाय जागच्या जागी तरंगतो. वेडरची, म्हणजे पाण्यात उतरताना घालायची, जड पँट आणि बूट घरीच ठेवले. जाळीचे, पाणी निथळून जाणारे बूट आणि लोकरीचे मोजे घालून सरळ पाण्यात उतरायचं. पंधरा मिनिटांनी पाय बधिर होतात, मग बाहेर येऊन चालायचं. ऑक्टोबरात हे चालतं, मार्चमध्ये चालणार नाही.

गॅसचा डबा विमानात किंवा रेल्वेत नेता येत नाही. आम्ही गाईडकरवी आधीच सांगून ठेवला होता. आणि एक आग्रहाने सांगतो: याआधी दुसऱ्या नदीत वापरलेले बूट आणि दोरी धुऊन कडकडीत वाळवूनच इकडे आणा. एका पाण्यातला रोग दुसऱ्या पाण्यात असाच जातो.

दुसरा दिवस: गुशैणी ते रोला

पार्कमध्ये जायला परवाना लागतो आणि गाईडही बरोबर हवा. आमचे गाईड पन्नाशीचे, बारीक अंगाचे, डोक्यावर कुल्लूची टोपी आणि पायात रबरी बूट. आम्ही त्यांना भाईजी म्हणायला लागलो आणि ते दादाला बडे भाई. त्यांच्या वडिलांचा काळ या जंगलात मेंढ्या आणि जडीबुटी यांवर गेला. १९९९ मध्ये पार्कची अंतिम अधिसूचना निघाली आणि आतली चराई, जडीबुटी बंद झाली. ‘पहले बहुत गुस्सा था,’ ते म्हणाले, ‘दो-तीन साल समझ नहीं आया क्या करें।’ मग गावातली मंडळी हळूहळू वाट दाखवण्याच्या, स्वयंपाकाच्या, सामान वाहण्याच्या कामात आली. २०१४ मध्ये युनेस्कोने पार्कला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हापासून परदेशी पाहुणेही वाढले. राग पुरता गेला का, असं मी विचारलं. त्यांनी थोडा वेळ चालून मग उत्तर दिलं: ‘जंगल बचा है, यह ठीक है। बकरियाँ याद आती हैं।’

वाट नदीच्या काठाने जाते. पहिला टप्पा वस्तीचा, अक्रोडाची झाडं, लाल चौलाईची, म्हणजे राजगिऱ्याची, शेतं, गवताचे भारे पाठीवर घेऊन उतरणाऱ्या बायका. अक्रोड नुकतेच झोडपून झाले होते. टरफलं सोलणाऱ्या एका आजींचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. त्यांनी मूठभर अक्रोड दिले. ओले अक्रोड आमच्याकडे मिळत नाहीत. त्याची पातळ साल सोलून आतला पांढरा गर खाल्ला तर त्याला दुधाची गोडी असते.

वस्ती मागे पडली तसे नदीत मोठाले दगड दिसायला लागले. पाणी दगडाला आपटून दोन बाजूंनी फुटतं, दगडामागे ताटाएवढी शांत जागा राहते, आणि तिथेच मासा उभा असतो. प्रवाहात पोहत राहायला ताकद लागते, शांत जागेत लागत नाही. खाणं मात्र शेजारच्या धारेतून वाहत येतं. ट्राउटचं तोंड नेहमी पाणी येतं त्या दिशेला, म्हणून आपण खालून वर जायचं, त्याच्या पाठीमागून. गुडघ्यावर बसून, कपडे मळखाऊ, सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. भाईजी स्वतः गळ टाकत नाहीत, पण त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मी कायम लक्षात ठेवणार आहे: ‘मछली आपको नहीं देखती, आपकी जल्दी को देखती है।’

दादा एका दगडाआड टेकला. फ्लाय धारेच्या कडेला टाकला, काठी उंच धरली. दोरी तिरकी, फ्लाय दगडामागच्या शांत पाण्यात सरकला. पाण्याखाली पिवळी झळक दिसली आणि काठी वाकली. रील नसल्यामुळे दोरी सोडता येत नाही, जे काही आहे ते मनगटात आणि काठीच्या लवचिकपणात. मासा खाली धारेत शिरायला बघत होता, दादा त्याच्याबरोबर दोन पावलं खाली उतरला, काठी आडवी केली आणि त्याला काठाच्या उथळ पाण्यात वळवलं. वीतभराहून थोडा मोठा ब्राउन ट्राउट. पोट लोण्याच्या रंगाचं, पाठ तपकिरी, अंगावर काळे ठिपके आणि त्यांच्या मध्ये लाल ठिपके, प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट निळसर कडं. ते कडं फोटोत कधी नीट येत नाही. दादाने हात आधी पाण्यात भिजवले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि मग त्याला बुरशी धरते. आमच्या गळांच्या टोकाला अडकवणारा उलटा काटा नसतो, त्यामुळे बोटाने जरा मागे ढकललं की सुटतो. त्याला तोंड प्रवाहाकडे करून धरलं, कल्ले दोन-चार वेळा उघडले, मिटले, आणि शेपटीच्या एका झटक्यात तो दगडाखाली गेला.

हा मासा इथला नव्हे. ब्राउन ट्राउट स्कॉटलंडहून काश्मीरात १९०० मध्ये आला आणि कुल्लू खोऱ्यात १९०९ मध्ये. इथल्या पाण्याचा मूळ मासा गुगली, म्हणजे स्नो ट्राउट. तो दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. भाईजींच्या लहानपणी गुगली भरपूर होती, आता वरच्या पाण्यात क्वचित दिसते. बाहेरून आलेल्या माशाने तिची जागा घेतली, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या माशासाठी आपण एवढ्या लांब येतो, त्याच्यामुळे दुसरा कोणी मागे हटला आहे, हे मला त्या काठावर सारखं टोचत होतं. गळाला गुगली लागली तर ती फोटोसाठीसुद्धा बाहेर न काढता सोडायची, हे आम्ही ठरवून टाकलं.

पार्कच्या फाटकापाशी रॉड मिटवून सॅकच्या आत गेला. हद्दीत गळ टाकायचा नाही. इथून पुढचे मासे फक्त बघायचे, आणि ते काही कमी सुख नाही. रोल्याच्या आधी एका लाकडी पुलावर पालथे पडून आम्ही खाली बघत होतो. स्वच्छ पाण्यात तळाच्या गोट्यांवर चार-पाच ट्राउट शेपटी हलवत एका रांगेत उभे होते. सगळ्यांत मोठा सगळ्यांत पुढे, कारण खाणं आधी तिथे येतं.

रोला साधारण २१०० मीटरवर आहे. जंगलातली सपाट जागा, वनखात्याची झोपडी, शेजारी नदी. टार्प नदीपासून जरा वर, झाडाच्या आडोशाला बांधला. अगदी काठावर झोपू नये, थंड हवा तिथे साचते आणि पहाटे स्लीपिंग बॅग दवाने ओली होते. संध्याकाळी दगडावर एक गोटीसारखा तपकिरी पक्षी सारखा गुडघे वाकवून उठाबशा काढत होता. ब्राउन डिपर. बघता बघता तो पाण्यात चालत शिरला आणि दोन हात पुढे बाहेर आला, चोचीत अळी. आम्ही दगडाखाली शोधतो तेच त्याचंही जेवण. त्याच्या वरच्या दगडावर पांढऱ्या टोपीचा रेडस्टार्ट शेपूट उघडमीट करत होता.

मुगाची खिचडी, भाईजींनी घरून आणलेलं लोणचं. जंगलात चूल पेटवली नाही, गॅसवरच सगळं. आठच्या आत झोपलो. नदीच्या आवाजात बोलायचं म्हटलं तर ओरडावं लागतं, त्यामुळे गप्पाही आपोआप थांबतात.

तिसरा दिवस: रोला ते शिल्ट

आज नदी सोडून सरळ वर. शिल्ट सुमारे ३१०० मीटरवर, म्हणजे हजार मीटरची चढण, तीही बहुतेक सगळी जंगलातून. सह्याद्रीत एवढी चढण केलेली असते, पण इथे वर वर हवा विरळ होत जाते, म्हणून पहिल्या तासातच वेग बांधून घ्यावा. बोलता बोलता चालता आलं पाहिजे, एवढाच वेग. वाटेत पाण्याचा भरवसा नाही, प्रत्येकी दोन लिटर रोल्यातच भरून घेतलं. ज्या दिवशी पाणीच दोन किलो होतं, त्या दिवशी बाकीची सॅक हलकी असण्याची किंमत खरी कळते.

खाली बान ओक, मग मोहरू हा दुसरा ओक, मग तोश आणि रईची उंच सूचिपर्णी झाडं. खनोरीची, म्हणजे हॉर्स चेस्टनटची, पानं पूर्ण पिवळी झाली होती आणि वाटेवर तिची चकचकीत तपकिरी फळं पडली होती. ती माणसांना कडू, पण इथे ती पाण्यात कडूपणा काढून पीठ करून खायची पद्धत होती, असं भाईजींनी सांगितलं. एका ठिकाणी वाटेवर अस्वलाची विष्ठा, त्यात फळांच्या बिया. भाईजी तिथून पुढे मुद्दाम मोठ्याने बोलत चालले.

दुपारी दोनला ढग आले. हवामानाचा अंदाज स्वच्छ होता, पण ३००० मीटरवरचं आकाश खालच्या अंदाजाला बांधील नसतं. शिल्टच्या कुरणापाशी पोचतो तोच गारा सुरू झाल्या. आधी वाटाण्याएवढ्या, मग बोराएवढ्या. दादा आणि मी काही न बोलता कामाला लागलो. टार्पची वाऱ्याकडची कड जमिनीला टेकवून खुंट्यांवर दगड ठेवले, दुसरी कड कमरेएवढी उंच. तिघंही आत. कापडावर गारांचा एवढा आवाज की भाईजींचे ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. वीस मिनिटांनी थांबलं तेव्हा सगळं कुरण पांढरं झालं होतं आणि त्यावरून वाफ निघत होती. झोपडी पन्नास पावलांवर होती, पण विजा चमकत असताना उघड्या कुरणातून धावण्यापेक्षा जागीच खाली बसणं बरं, हा भाईजींचा निर्णय होता आणि तो योग्यच होता.

संध्याकाळी ढग फाटले. समोरच्या रांगेवर ताजा बर्फ. रात्री पाण्याच्या बाटलीत बर्फाचा पातळ पापुद्रा धरला. फिल्टर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. आतलं पाणी गोठलं की त्यातल्या बारीक नळ्या फुटतात, आणि फुटलेला फिल्टर बाहेरून ओळखू येत नाही.

चौथा दिवस: शिल्ट, खाली रोला, पुन्हा नदीवर

शिल्टचं जंगल जुजुराणासाठी प्रसिद्ध आहे. जुजुराणा म्हणजे वेस्टर्न ट्रॅगोपन, हिमाचलचा राज्यपक्षी. तो दिसला नाही. तो वसंतात बोलतो, ऑक्टोबरात दिसणं नशिबाचंच. मोनाल मात्र दिसला. ऊन पडायच्या जरा आधी, झोपडीमागच्या उतारावर नर एकटा चोचीने माती उकरत होता. सावलीत काळाच वाटतो. मग ऊन उतारावरून खाली सरकत आलं आणि त्याच्या मानेवर पोचलं. हिरवा, तांबडा, निळा, जांभळा, मान वळवेल तसा वेगळा. आम्ही चहा हातात धरून उभे, चहा निवून गेला.

उतरताना गुडघ्यांची परीक्षा. काठ्या वापरा, आणि ओल्या पानांखालची मुळं बघून पाय टाका. रोल्यात दुपारचं खाऊन फाटकाबाहेर आलो तेव्हा तीन वाजले होते. नदी कालच्यासारखी काचेसारखी नव्हती. वरच्या गारा वितळून पाण्याला किंचित दुधट छटा आली होती. मला वाटलं, आजचा दिवस गेला. दादा खूश झाला. गढूळ पाण्यात मासा बघू शकत नाही, अगदी स्वच्छ पाण्यात तो आपल्याला बघतो. ही मधली अवस्था थोडा वेळच टिकते. ‘आज तू पुढे हो,’ दादा म्हणाला आणि स्वतः रॉड न उघडता माझ्यामागे बसला.

एका आडव्या पडलेल्या खडकाखाली पाणी काळसर खोल होतं. मी जरा जड फ्लाय बांधला, पाण्याच्या मध्यापर्यंत बुडणारा. टाकला, वाहू दिला, उचलला. पुन्हा. दादा मागून फक्त एवढंच म्हणत होता, ‘अजून एक फूट पलीकडे.’ खूप वेळ काहीच नाही. ऊन समोरच्या कड्यावर चढून गेलं, बोटं गारठली. मग दोरी वाहता वाहता थांबली. झटका नाही, ओढ नाही, नुसती थांबली. मी मनगट उचललं आणि पलीकडून जड, खोल अशी हालचाल आली. दादा उठला पण त्याने काठीला हात लावला नाही. मासा खडकाखाली शिरला, मग बाहेर, मग सरळ माझ्याकडे, दोरी सैल पडली आणि मला मागे सरकावं लागलं. शेवटी उथळ पाण्यात आला तेव्हा त्याचा खालचा जबडा किंचित वर वळलेला दिसला. नर, विणीच्या तयारीतला. ऑक्टोबर ते डिसेंबर हा ब्राउन ट्राउटच्या विणीचा काळ. पाण्याबाहेर न काढताच गळ सोडवला. दादाने हाताच्या विती लावून लांबी मोजली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. तो मासा माझ्या तळव्यांमध्ये बराच वेळ उभा होता, मी हात सैल सोडले होते तरी.

अशा दिवसांत वाळूमिश्रित बारीक खडीवर चालू नका. मादी शेपटीने खडी उकरून त्यात अंडी घालते. तळाचा एखादा भाग आजूबाजूपेक्षा उजळ, नुकताच घासल्यासारखा दिसला तर तो खड्डा समजायचा आणि लांबून वळसा घालायचा. विणीच्या जागेवरचा मासा गळासाठी सोपा असतो. तो सोडून द्यावा, हे मी सांगायला नको.

पाचवा दिवस: फलाचन आणि परत

सकाळी फलाचनवर थोडा वेळ. ही नदी तीर्थनपेक्षा अरुंद, झाडं दोन्ही काठांवरून आत झुकलेली, ३.६ मीटरची काठी अडकत होती. इथे दोन पेऱ्या मिटवून आखूड करता येणारी काठी हवी. मासे लहान, पण चपळ. लहान मुलांचा एक घोळका शाळेला जाता जाता थांबला. सोडलेला मासा निघून गेला तेव्हा त्यातल्या एकीने गंभीरपणे विचारलं, ‘आप लोग खाते नहीं तो पकड़ते क्यों हैं?’ दादाने तिला दगड उलटून कॅडिसचं घर दाखवलं. प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं, आणि तिलाही ते कळलं होतं, पण घर बघून ती शाळेला उशीर करून बसली.

खायचा ट्राउट आम्ही ट्राउट फार्ममधून आणवला होता. खोऱ्यात पाळलेला रेनबो ट्राउट मिळतो, तेव्हा नदीतला सोडून द्यायला काही जड जात नाही. चाचींनी हळद, मीठ, लसूण आणि अनारदाणा वाटून लावला, अर्धा तास मुरवला आणि मोहरीच्या तेलात मंद आचेवर तळला. कातडी कुरकुरीत, आत गुलाबी मांस, काटे मधल्या कण्याबरोबर एका ओढीत निघतात. सोबत राजमा आणि इथला लाल तांदूळ. दादाने दुसऱ्यांदा भात मागून घेतला, तेव्हा चाचींच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

जायचं असेल तर वेळेचं गणित असं: ट्राउटच्या नद्या १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर मासेमारीला बंद असतात. मार्च-एप्रिलमध्ये पाणी स्वच्छ आणि फार गार. मेच्या मध्यापासून बर्फ वितळून नदी फुगते. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी आणि पूर, तेव्हा या बाजूला येऊच नये. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा मध्य हा चालण्यासाठी आणि गळासाठी दोन्हीला उत्तम. महिनाअखेरीला विणीसाठी नदी माशांची माशांना ठेवावी. कुल्लूच्या दसऱ्याच्या आठवड्यात बस आणि जीप भरलेल्या असतात, तेवढं धरून निघा.

निघताना चाचींनी अक्रोडाची पिशवी दिली, जी सॅकमधल्या कुठल्याही वस्तूपेक्षा जड होती, आणि ती आम्ही आनंदाने औटपर्यंत वाहिली. एप्रिलमध्ये लिंगडीची भाजी निघते, तेव्हा या, असं त्यांनी बजावलंय. भाईजी म्हणाले, तेव्हा जुजुराणाही बोलतो. दादाने बसमध्येच आखूड काठीची चौकशी सुरू केली आहे.